ग्रॅमी पुरस्कार : वर्षाचा अल्बम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ध्वनिमुद्रणक्षेत्रातील ग्रॅमी पुरस्कारांपैकी सर्वांत मानाचा समजला जाणारा पुरस्कार. एका पात्रतावर्षात प्रसिद्ध झालेल्या व एक सलग कृती म्हणून सादर केलेल्या ध्वनिमुद्रित संगीतसंग्रहास तो देण्यात येतो. संगीताचा प्रकार, भाषा किंवा कलावंताचे राष्ट्रीयत्व यांचे बंधन त्यास नाही. ‘नॅशनल अकॅडमी ऑफ रेकॉर्डिंग आर्ट्‌स अँड सायन्सेस’ (आता रूढ नाव ‘रेकॉर्डिंग अकॅडमी’) ही संस्था १९५९ पासून हे पुरस्कार देत आली आहे. ग्रॅमी हे नाव ग्रामोफोन या शब्दावरून आले असून पुरस्काराचे चिन्हही जुन्या धाटणीच्या, कर्णा असलेल्या ग्रामोफोनची सोनेरी प्रतिकृती हेच आहे. वर्षाची ध्वनिमुद्रिका (एका सुट्या गीतमुद्रणास), वर्षाचे गीत (गीतकार-संगीतकारास), वर्षाचा अल्बम आणि सर्वोत्कृष्ट नवोदित कलावंत हे चार पुरस्कार सर्वसाधारण गटातील प्रमुख मानले जातात. या नोंदीतील वर्षे समारंभाची आहेत. पुरस्कृत अल्बम सामान्यतः त्याच्या आदल्या वर्षातील असतो.

अल्बम या शब्दाचा संगीतातील अर्थ मुळात अगदी भौतिक होता. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूस तीन-चार मिनिटांचेच संगीत मावत असे. त्यामुळे एखादी सिंफनी किंवा संगीतिका पाचसहा तबकड्यांवर विभागून त्या छायाचित्रांच्या वहीसारख्या जाड पानांच्या पुस्तकात घालून विकल्या जात. या पुस्तकास अल्बम म्हणत. बालगंधर्व किंवा अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ही तीन-चार मिनिटांची मर्यादा गाण्याच्या घडणीवर कसा परिणाम करते, हे वेगळे सांगावयास नको. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी दीर्घ ध्वनिमुद्रिका (एलपी) बाजारात आणली. एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागल्यावर वहीची गरज संपली. शब्द मात्र टिकला आणि त्याचा अर्थ बदलला. गीतांचा क्रम, त्यांतील भावस्थितीचा सलगपणा, वेष्टनावरील चित्र व मजकूर या सर्वांचा मिळून एक घाट असू शकतो, ही कल्पना १९५० नंतरच्या दशकात रुजली. फ्रँक सिनाट्रा (१९१५–९८) या गायकाचे त्या काळातील अल्बम हे तिचे ठळक उदाहरण होय. पुरस्काराचा जन्म नेमका या वळणावर झाला.

स्थापना व प्रारंभीची वर्षे : हॉलिवुडच्या पदपथावर प्रख्यात कलावंतांच्या नावांचे तारे बसविण्याच्या योजनेत ध्वनिमुद्रणक्षेत्रातील नावे सुचविण्याचे काम काही कंपन्यांच्या अधिकाऱ्यांकडे आले. या कामात असताना, तारा मिळण्याइतके लोकप्रिय नसलेले पण गुणवान असे अनेक कलावंत व तंत्रज्ञ आपल्या व्यवसायात आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून १९५७ मध्ये लॉस अँजेल्स येथे अकॅडमीची स्थापना झाली. वाद्यवृंदसंचालक पॉल वेस्टन हे संस्थापकांपैकी एक होते. चित्रपटांच्या ऑस्कर व दूरचित्रवाणीच्या एमी या पुरस्कारांचा नमुना समोर होता. पुरस्कार विक्रीच्या आकड्यांवर नव्हे, तर व्यवसायबंधूंच्या मतांनुसार द्यावयाचा, हे तत्त्व तेव्हाच ठरले. या तत्त्वात संस्थेचे बळ आहे आणि तिच्या बहुतेक अडचणींचे मूळही त्यातच आहे. कारण व्यवसायबंधूंची अभिरुची ही बव्हंशी आदल्या पिढीची अभिरुची असते.

पहिला समारंभ ४ मे १९५९ रोजी बेव्हर्ली हिल्स व न्यूयॉर्क अशा दोन ठिकाणी एकाच वेळी झाला व २८ पुरस्कार देण्यात आले. वर्षाच्या अल्बमसाठी पाच नामांकने होती : एला फिट्सजेरल्ड हिने गायिलेल्या अर्व्हिंग बर्लिनच्या गीतांचा संग्रह, सिनाट्राचे दोन अल्बम, व्हॅन क्लायबर्न या तरुण पियानोवादकाने वाजविलेली चायकॉव्हस्कीची पहिली पियानो-काँचेर्तो आणि हेन्री मॅन्सीनी (१९२४–९४) याने ‘पीटर गन’ या दूरचित्रवाणीवरील गुप्तहेरमालिकेसाठी रचलेले संगीत. पुरस्कार मॅन्सीनीस मिळाला. जॅझ, अभिजात संगीत, सुगम गायन आणि पार्श्वसंगीत यांना एका तराजूत तोलण्याचा तो प्रयोग होता. सिनाट्राला त्या दिवशी गायनासाठी काहीच मिळाले नाही. मिळाला तो त्याच्या अल्बमच्या वेष्टनाच्या कलादिग्दर्शनासाठीचा पुरस्कार. दुसरा समारंभ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झाला आणि त्या वेळी मात्र त्याच्या ‘कम डान्स विथ मी!’ या अल्बमची निवड झाली. पुढे १९६६ व १९६७ मध्येही त्यालाच हा मान मिळाला. १९६७ चा अल्बम हा त्याच्या कारकीर्दीचे सिंहावलोकन करणारा, जुनी गीते पुन्हा गाऊन सजविलेला संग्रह होता आणि त्याच्याविरुद्ध ‘बीटल्स’ या इंग्रज वाद्यवृंदाचा ‘रिव्हॉल्व्हर’ हा अल्बम होता, हे येथे नमूद करावयास हवे.

आरंभीच्या काही निवडी आजच्या वाचकास चमत्कारिक वाटतील. १९६१ मध्ये बॉब न्यूहार्ट (१९२९–२०२४) या विनोदी वक्त्याच्या एकपात्री कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणास हा पुरस्कार मिळाला. १९६३ मध्ये व्हॉन मीडर (१९३६–२००४) याच्या ‘द फर्स्ट फॅमिली’ या अल्बमची निवड झाली. राष्ट्राध्यक्ष केनेडी व त्यांचे कुटुंब यांच्या बोलण्याच्या लकबींची ती सौम्य थट्टा होती आणि तिचा खप विलक्षण वेगाने झाला होता. पुरस्कारानंतर सहा महिन्यांनी, २२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडींची हत्या झाली. अल्बम दुकानांतून काढून घेण्यात आला आणि मीडरची कारकीर्द जवळजवळ एका दिवसात संपुष्टात आली. त्यानंतर विनोदी अल्बमला हा पुरस्कार मिळालेला नाही. अभिजात पाश्चात्त्य संगीताच्या अल्बमला तर तो कधीच मिळाला नाही.

दरम्यान १९६२ मध्ये ज्यूडी गार्लंड (१९२२–६९) ही हा पुरस्कार मिळविणारी पहिली स्त्री ठरली. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये २३ एप्रिल १९६१ रोजी झालेल्या तिच्या मैफलीचे ते ध्वनिमुद्रण होते. १९६४ मध्ये बार्ब्रा स्ट्रायसँड हिला पहिल्याच अल्बमसाठी बावीसाव्या वर्षी तो मिळाला. १९६५ चा ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ हा अल्बम अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ (१९२७–९१) व ब्राझीलचा गायक-गिटारवादक जोआओ जिल्बेर्तो (१९३१–२०१९) यांचा. ब्राझीलची बोसा नोव्हा ही संथ, कुजबुजत्या स्वराची शैली आणि जॅझ यांचा त्यात संगम होता. अल्बममधील सर्वांत गाजलेल्या गीतात इंग्रजी ओळी गायिलेल्या आस्त्रूद जिल्बेर्तो हिचे नाव अल्बमच्या शीर्षकात नव्हते. जॅझ हा अमेरिकेचाच संगीतप्रकार असूनही, त्यानंतर जॅझ कलावंताच्या अल्बमची निवड व्हावयास २००८ साल उजाडावे लागले.

रॉक संगीताचा प्रवेश : संस्थापक मंडळी ही स्विंग, सुगम वाद्यवृंदसंगीत व रंगभूमीवरील गीते यांच्या परंपरेतील होती. रॉक अँड रोल हा त्यांना पोरकट व क्षणजीवी गोंगाट वाटे. एल्व्हिस प्रेस्ली याला आयुष्यात स्पर्धेतील जे तीन ग्रॅमी मिळाले ते तिन्ही धार्मिक गीतांसाठी होते, ही गोष्ट या वृत्तीची पुरेशी साक्ष देते.

ही कोंडी २९ फेब्रुवारी १९६८ रोजी फुटली. त्या दिवशी बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्‌स क्लब बँड’ या अल्बमला पुरस्कार मिळाला. वर्षाचा अल्बम ठरलेली ती पहिली रॉककृती होय. चार पथांच्या ध्वनिमुद्रणयंत्रावर महिनोन्‌महिने थर चढवीत तयार केलेला हा अल्बम रंगमंचावर जसाच्या तसा सादर करणे शक्यच नव्हते. ध्वनिमुद्रण हे मैफलीचे प्रतिबिंब नसून स्वतंत्र रचना आहे, हा विचार त्याने रूढ केला. ज्या संस्थेच्या नावातच ध्वनिमुद्रणाची कला आणि शास्त्र आहे, तिला हे मानणे भागच होते. ध्वनिमुद्रण-अभियांत्रिकी आणि वेष्टन यांसाठीचे पुरस्कारही त्याला मिळाले.

भारतीय वाचकास या अल्बमविषयी आणखी एका कारणाने आस्था वाटावी. जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) हा सप्टेंबर १९६६ मध्ये मुंबईस येऊन पंडित रविशंकर (१९२०–२०१२) यांच्याकडे सतार शिकला होता. त्या शिक्षणाच्या प्रभावातून त्याने रचलेले एक गीत या अल्बममध्ये आहे. त्यात दिलरुबा, तंबोरा, तबला व स्वरमंडळ ही वाद्ये आहेत आणि त्यांचे वादक लंडनमधील ‘एशियन म्युझिक सर्कल’ या संस्थेशी संबंधित भारतीय होते. जगभर लाखो घरांत गेलेल्या त्या वेष्टनावर या वादकांपैकी एकाचेही नाव नाही. काहींची नावे अर्धशतकानंतर शोधून काढावी लागली. योगायोगाने त्याच समारंभात रविशंकर व व्हायोलिनवादक येहुदी मेन्यूइन यांच्या ‘वेस्ट मीट्‌स ईस्ट’ या अल्बमला कक्षसंगीताच्या गटातील पुरस्कार मिळाला.

द कॉन्सर्ट फॉर बांगला देश : नोव्हेंबर १९७० मधील प्रलयंकारी चक्रीवादळ आणि मार्च १९७१ पासून पाकिस्तानी लष्कराने चालविलेले दमन यांमुळे पूर्व बंगालमधून सु. एक कोटी निर्वासित भारतात आले. रविशंकर यांचे घराणे मूळचे बंगालमधील. सरोदवादक अली अकबर खाँ (१९२२–२००९) यांचा तर जन्मच पूर्व बंगालमधील शिवपूरचा. निर्वासितांच्या मदतीसाठी काहीतरी करावे, ही इच्छा रविशंकर यांनी लॉस अँजेल्स येथे हॅरिसनजवळ बोलून दाखविली. काही आठवड्यांतच १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी व रात्री असे दोन कार्यक्रम झाले. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल हे त्यांत सहभागी होते. आरंभ मात्र भारतीय संगीताने झाला. रविशंकर, अली अकबर खाँ, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती आणि तबल्यावर मुंबईचे रहिवासी अल्लारखा (१९१९–२०००) यांनी ‘बांगला धुन’ सादर केली. वादक वाद्ये जुळवीत असताना श्रोत्यांनी ते वादनच समजून टाळ्यांचा कडकडाट केला आणि, जुळवणी इतकी आवडली असेल तर वादन त्याहून आवडेल, अशा आशयाचे उद्‌गार रविशंकर यांनी सस्मित काढले. हा प्रसंग ध्वनिमुद्रणात राहू दिला आहे. अपरिचित संगीतापुढे बसलेल्या सद्‌भावनायुक्त पण अनभिज्ञ श्रोतृवर्गाचे इतके बोलके चित्र दुसऱ्या कोणत्याही पुरस्कृत अल्बममध्ये सापडणार नाही.

तीन दीर्घ ध्वनिमुद्रिकांचा हा संच १९७१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. हॅरिसन व फिल स्पेक्टर हे त्याचे निर्माते होते. निरनिराळ्या कंपन्यांशी करारबद्ध असलेल्या कलावंतांची संमती मिळविण्यात आणि वितरणाच्या वाटाघाटींत बराच वेळ गेला. तिकिटविक्रीतून आलेले सु. २,४३,००० डॉलर ‘युनिसेफ’कडे लगोलग पोचले, अल्बमच्या विक्रीतून आलेली रक्कम मात्र करआकारणीच्या वादात वर्षानुवर्षे अडकून पडली, कारण कार्यक्रमापूर्वी तो धर्मादाय म्हणून रीतसर नोंदविलेला नव्हता. तोवर बांगला देश स्वतंत्र होऊन दुष्काळही भोगून चुकला होता.

३ मार्च १९७३ रोजी नॅशव्हिल येथील समारंभात या संचास वर्षाचा अल्बम म्हणून पुरस्कार मिळाला. त्याच्यासमोर डॉन मॅक्लीन, नील डायमंड व हॅरी निल्सन यांचे अल्बम आणि ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ ही रॉक-संगीतिका होती. पुरस्कार संगीताला मिळाला की सत्कृत्याला, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असावा व तो गैर नाही. सर्व बाजू सारख्या तोलाच्या नाहीत. घाईत केलेल्या जिवंत मुद्रणाच्या मर्यादाही जाणवतात. परंतु अल्बमचा पहिला भाग, म्हणजे झिंझोटीच्या छायेतून जाणाऱ्या लोकधुनेवरील सतार-सरोदची जुगलबंदी, हा कोणत्याही निकषावर उतरणारा आहे. पुरस्काराच्या नोंदीत आठ कलावंतांची नावे आहेत व त्यांत रविशंकर यांचे दुसरे आहे. अली अकबर खाँ व अल्लारखा यांची नावे तीत नाहीत. अली अकबर खाँ यांना पुढे अनेकदा नामांकन मिळाले. पुरस्कार एकदाही नाही. जुगलबंदी एकट्याने होत नाही, एवढे तरी नोंद करणाऱ्यांच्या ध्यानी यावयास हवे होते.

तीस वर्षांनंतर, २००३ मध्ये, रविशंकर यांची कन्या नोरा जोन्स हिच्या ‘कम अवे विथ मी’ या पहिल्याच अल्बमला हा पुरस्कार मिळाला. तिचे संगीत जॅझ व अमेरिकन ग्रामीण गीतांच्या वळणाचे असून त्यात भारतीय संगीताचा अंश शोधणे व्यर्थ आहे. तरीही पिता व कन्या या दोघांचीही नावे या यादीत असणे लक्षणीय होय.

१९७४ ते १९९९ : स्टीव्ही वाँडर (१९५०–  ) या जन्मापासून जवळजवळ अंध असलेल्या संगीतकाराने १९७४, १९७५ व १९७७ अशी तीन वेळा बाजी मारली. हा मान मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय एकल कलावंत होय. या अल्बमांतील बहुतेक वाद्ये त्याने स्वतः वाजविली आहेत आणि इलेक्ट्रॉनिक संश्लेषक (सिंथेसायझर) या वाद्याला त्याने जो मानवी स्वर दिला, त्याचा प्रभाव अद्याप ओसरलेला नाही. मधल्या, म्हणजे १९७६ च्या समारंभात पुरस्कार स्वीकारताना पॉल सायमन याने, त्या वर्षी अल्बम न काढल्याबद्दल वाँडरचे जाहीर आभार मानले. विनोद म्हणून तो खपला. त्यात तथ्यही होते.

१९८१ मध्ये ख्रिस्तोफर क्रॉस या नवोदित गायकास चारही प्रमुख पुरस्कार एकाच रात्री मिळाले. असे पूर्वी कधी घडले नव्हते. आज त्याचे नाव फारसे ऐकू येत नाही. १९८२ मध्ये जॉन लेनन व योको ओनो यांचा ‘डबल फँटसी’ निवडला गेला, तेव्हा लेननच्या हत्येस सव्वा वर्ष लोटले होते. १९८४ मध्ये मायकेल जॅक्सन (१९५८–२००९) याच्या ‘थ्रिलर’ने खप व मान या दोन्ही बाबतींत पूर्वीचे मापदंड मोडले, त्या रात्री त्याला आठ पुरस्कार मिळाले. त्याच्या आधीच्या, कित्येक जाणकारांना अधिक आवडणाऱ्या ‘ऑफ द वॉल’ला मात्र या गटात नामांकनही मिळाले नव्हते.

१९८७ चा ‘ग्रेसलँड’ हा सायमनचा अल्बम विशेष वादग्रस्त ठरला. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीवर संयुक्त राष्ट्रांनी सांस्कृतिक बहिष्कार पुकारलेला असताना त्याने १९८५ मध्ये जोहॅनिसबर्ग येथे जाऊन तेथील कृष्णवर्णीय वादकांसह ध्वनिमुद्रण केले. बहिष्कार सरकारवर की तेथील कलावंतांवरही, असा तो वाद होता. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या नेत्यांनी व वर्णद्वेषविरोधी संघटनांनी आक्षेप घेतला. सहभागी वादकांपैकी अनेकांनी सायमनची बाजू घेतली. त्याने वादकांना चांगला मोबदला दिला व काही गीतांचे सहकर्तृत्वही मान्य केले, हे खरे. ‘लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो’ या झुलू गायकवृंदाचे नाव याच अल्बममुळे जगभर झाले, हेही खरे. परंतु यजमानांना न विचारता दुसऱ्याच्या लढ्यातून वाट काढावी काय, हा प्रश्न पुरस्काराने सुटला नाही.

१९९५ ची नामांकने अकॅडमीच्या इतिहासात वेगळ्या अर्थाने महत्त्वाची आहेत. तरुण पिढीच्या संगीतात मोठी उलथापालथ होत असताना नामांकित अल्बमांत तीन प्रसिद्ध टेनर गायकांच्या मैफलीचे मुद्रण होते आणि पुरस्कार ६८ वर्षांच्या टोनी बेनेट या गायकास मिळाला. बेनेटच्या गुणवत्तेविषयी दुमत नव्हते. संस्थेची नजर मागे वळलेली आहे, ही तक्रार होती. त्यानंतर प्रमुख गटांसाठी एक समिती नेमण्यात आली. सर्वसाधारण मतदानातील आघाडीच्या वीस कृतींतून ती अंतिम नामांकने निवडी. सदस्यांची नावे गुप्त ठेवली जात. पुढच्याच वर्षी २१ वर्षांची अ‍ॅलनिस मॉरिसेट निवडली गेली, तेव्हा सुधारणेचा गुण आला असे वाटले. गुप्ततेचे दुष्परिणाम दिसावयास आणखी काही काळ लागला.

वर्ण व संगीतप्रकार यांचा प्रश्न : रॅप संगीतासाठी स्वतंत्र पुरस्कार १९८९ मध्ये सुरू झाला, तो दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात न दाखविण्याच्या निर्णयामुळे काही कलावंतांनी समारंभावर बहिष्कार टाकला. वर्षाच्या अल्बमचा मान हिपहॉपला १९९९ मध्ये लॉरिन हिल व २००४ मध्ये ‘आउटकास्ट’ या जोडीच्या रूपाने मिळाला. त्यानंतर दोन दशके, हा प्रकार अमेरिकेतील सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या प्रकारांपैकी एक असूनही, त्याच्या वाट्यास केवळ नामांकने आली. २०१६ मध्ये केंड्रिक लमारच्या ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ऐवजी टेलर स्विफ्टचा ‘१९८९’ आणि २०१७ मध्ये बियाँसेच्या ‘लेमनेड’ऐवजी अडेलचा ‘२५’ निवडला गेला, तेव्हा टीकेचा भडका उडाला. अडेलने तर मंचावरूनच बियाँसेचा अल्बम अधिक थोर असल्याचे सांगितले. पराभूत कृतीची बाजू विजेत्याने मांडण्याचा हा प्रसंग विरळाच होय. नतॅली कोल (१९९२), व्हिट्नी ह्यूस्टन (१९९४) व लॉरिन हिल (१९९९) यांच्यानंतर प्रमुख कलावंत म्हणून हा पुरस्कार कृष्णवर्णीय स्त्रीस मिळावयास २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली. बियाँसेचा तो विजयी अल्बम ‘काउबॉय कार्टर’ मुख्यतः कंट्री या, गोऱ्या गायकांची मिरासदारी समजल्या गेलेल्या प्रकाराच्या मुळांचा शोध घेणारा होता. त्यापूर्वी चार वेळा ती या गटात हरली होती. टेलर स्विफ्ट हिने २०१०, २०१६, २०२१ व २०२४ असा चार वेळा पुरस्कार मिळवून सिनाट्रा, वाँडर व सायमन यांना मागे टाकले.

पाश्चात्त्येतर संगीताची स्थिती याहून वेगळी नाही. त्यासाठी १९९२ पासून जागतिक संगीताचा स्वतंत्र पुरस्कार आहे. ‘शक्ती’ या वृंदाच्या ‘धिस मोमेंट’ला २०२४ मध्ये तो मिळाला व त्या निमित्ताने मुंबईचे तबलावादक झाकीर हुसेन (१९५१–२०२४) आणि मराठी श्रोत्यांना सुपरिचित असलेले गायक शंकर महादेवन यांचा गौरव झाला. स्वतंत्र दालन असल्याने सन्मानाची शक्यता वाढते. मुख्य दालनात जाण्याची गरज मात्र कोणास भासत नाही.

निवडपद्धती व श्रेयाचे नियम : अल्बम कंपन्या किंवा सदस्य दाखल करतात; मतदानाचा हक्क फक्त गायक, वादक, संगीतकार, निर्माते, अभियंते अशा प्रत्यक्ष निर्मितीत असलेल्या सदस्यांना असतो. पहिल्या फेरीत नामांकने व दुसऱ्या फेरीत विजेता ठरतो. नामांकनांची संख्या दीर्घकाळ पाच होती; ती २०१९ मध्ये आठ, २०२२ मध्ये दहा व २०२४ मध्ये पुन्हा आठ झाली. ‘द वीकेंड’ या गायकास गाजलेल्या अल्बमनंतरही २०२० च्या अखेरीस एकही नामांकन न मिळाल्याने गुप्त समित्यांविरुद्ध ओरड झाली व २०२१ मध्ये त्या प्रमुख गटांपुरत्या बरखास्त करण्यात आल्या.

पुरस्काराचा मानकरी कोण, याचे उत्तर सतत बदलत गेले आहे. प्रारंभी तो केवळ कलावंतास मिळे. १९६६ पासून निर्माताही मानकरी झाला. १९९९ पासून ध्वनिमुद्रण व मिश्रण करणारे अभियंते आणि पुढे अंतिम संस्करण करणारे अभियंते व पाहुणे कलावंत यांचा समावेश झाला. याच नियमामुळे २००८ मध्ये हर्बी हॅंकॉकच्या अल्बममधील पाहुणी गायिका म्हणून नोरा जोन्स दुसऱ्यांदा मानकरी ठरली. २०१८ मध्ये नव्या गीतांच्या रचनाकारांना स्थान मिळाले. पण किमान ३३ टक्के वेळ सहभाग असण्याची अट आली. २०२२ मध्ये ही अट पूर्णपणे उठविली गेली, तेव्हा एकेका नामांकनामागे डझनावारी नावे लागली. म्हणून २०२४ पासून किमान २० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. अल्बममधील किमान ७५ टक्के मुद्रण नवे असावे, असा नियमही झाला.

हे आकडे जुन्या निवडींना लावून पाहणे उद्‌बोधक आहे. ‘बांगला धुन’ सु. शंभर मिनिटांच्या संचातील सु. सोळा मिनिटांची आहे. तिचे वादक पाहुणे गणले गेले, तर वीस टक्क्यांची मर्यादा ते ओलांडू शकत नाहीत. सार्जंट पेपरमधील भारतीय वाद्यांचे गीत सु. चाळीस मिनिटांपैकी पाच मिनिटांचे आहे. शिवाय मोबदल्यावर साथ करणारे वादक हे मुळात मानकऱ्यांच्या वर्गातच येत नाहीत. विजयी अल्बममधील सहभागाबद्दल त्यांना प्रमाणपत्र मिळू शकते, ग्रामोफोनची प्रतिकृती नव्हे.